बगळ्यांची खरी उंची

आमच्या गावच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघातलं माझ्याइतकं कोणाला कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून वाद नको. आठवीत शाळा सोडून मी गोठ्यात शिरले ती लग्नालाच बाहेर पडले. पण एकतीस वर्षं झाली, हंगाम सुरू व्हायच्या आधी ऑक्टोबरातल्या एका रविवारी सगळा संघ माझ्याकडे जेवायला येतो. पोरगा कसा खेळला हे कोर्टावर कळतं. कसा खेळणार आहे, हे ताटावर कळतं.

संघाचं नाव बगळे. शर्टावर एका पायावर उभा बगळा आहे. आमचे हे, हार्लन, होते तेव्हा म्हणायचे की चित्र अगदी खरं काढलंय, आपली मुलं अशीच उभी राहतात आणि समोरचे चेंडू घेऊन जातात.

दर वर्षी आमच्या साप्ताहिकात हंगामाआधी एक पानभर लेख येतो. कोण गेलं, कोण आलं, कोणाची उंची किती, यंदा किती सामने जिंकणार, सगळं त्यात. पेरणीचा अंदाज वाचावा तसं गाव ते पान वाचतं. वीस वर्षं ते ड्वेन न्हावी लिहायचा. यंदा तो गुडघा बदलून घ्यायला लेकीकडे फ्लोरिडाला गेला, आणि संपादक मर्विन माझ्या स्वयंपाकघरात येऊन पडेल चेहऱ्याने कॉफी ढवळत बसला. त्याचं रडगाणं दोन कप ऐकलं आणि म्हटलं, कागद आण. मी लिहिते. शुद्धलेखन तू बघ, अक्कल माझी.

पण लिहायचं तर नीट लिहायचं. माझी सून जनेल कॉलेजच्या कचेरीत आहे. खेळाडूंची छापील यादी तीच तयार करते: नाव, गाव, वर्ष, वजन, उंची. ती यादी मी जेवणाच्या दिवशी फळीला टाचणीने लावली आणि कोंबडी-नूडल्स वाढायला घेतल्या.

डाल्टन रिग्ज नावाचा गार्ड आहे, म्हणजे चेंडू पुढे आणणारा. त्याच्यासमोर कुस्करलेल्या बटाट्यांचा मोठा वाडगा आला. त्याने स्वतः घेतलं, पुन्हा घेतलं, आणि वाडगा तिथेच ठेवून दिला. शेजारी चार जण तोंडाकडे बघत बसलेले. मी लिहून घेतलं: "रिग्ज चेंडू कोणाला देणार नाही." आयझाया पूल हा नवा, पहिल्या वर्षाचा. लाजरा, पण ताटात काही टाकलं नाही आणि न सांगता भांडी विसळायला उभा राहिला. लिहिलं: "पूलला खेळवा. बचावाला मागे पळायला लाजणार नाही."

मग आला कॉर्विन मेब्री. हा आमचा सेंटर, बास्केटखाली उभा राहणारा, संघातला सगळ्यात उंच. शेवटचं वर्ष. गरीब गायीसारखा मुलगा, आई लाँड्रीत कपडे इस्त्री करते. यादीत उंची सहा फूट नऊ इंच. तो रश्श्याचं भांडं दोन हातांत धरून स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आला. सरळ आला. न वाकता.

आता ते दार सहा फूट साडेआठ इंच आहे. हार्लनने स्वतः बसवलेलं, आणि सुतारकामात हार्लनचं माप चुकलेलं कोणी ऐकलं नाही.

मी यादीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि म्हटलं, "कॉर्विन, भांडं ठेव आणि बूट काढ."

कोठीच्या चौकटीवर माझ्या पाचही पोरांच्या उंचीच्या रेघा आहेत. तिथे एकेकाला अनवाणी उभं केलं, डोक्यावर प्रार्थनेचं पुस्तक आडवं धरलं, खुर्चीवर चढून पेन्सिलने खूण केली आणि हार्लनची पोलादी टेप लावली. तेरा मुलं, तेराही जनेलच्या यादीपेक्षा बुटकी. दोन-दोन इंचांनी! जणू माझ्या दारात येईपर्यंत धुऊन आटली. कॉर्विन भरला सहा फूट सात.

मी सगळं तसंच्या तसं लिहिलं. शेवटी लिहिलं, "खोटी उंची छापून बास्केट जवळ येत नाही. गेल्या वर्षी पाचवे आलो, यंदा तिसरे येऊ." कॉर्विनबद्दल चांगली सात वाक्यं लिहिली, कारण तो तेवढ्याला लायक आहे. गुरुवारी पान छापून आलं. गावाने चवीने वाचलं. ब्रेडच्या दुकानात दोघींनी माझा हात हातात घेतला. कॉर्विन पेपर घेऊन घरी आला आणि म्हणाला की त्याच्याबद्दल एवढं आजवर कोणी लिहिलं नव्हतं.

मग हळूच सांगितलं की डेन्मार्कच्या एका क्लबने त्याला पत्र पाठवलंय. पुढल्या वर्षी त्यांना सेंटर हवा आहे, पगार, राहायला खोली, सगळं. निदान सहा फूट सात हवा, एवढीच अट. अशी चिठ्ठी त्याला जन्मात एकदाच आली होती, आणि दुसरी येणार नव्हती. तिचे चार कोपरे घडीवर फाटायला आले होते, इतकी वाचलेली.

मी म्हटलं, "मग वाट कसली बघतोस? हे पान पाठव त्यांना. खरं माप, खरं कौतुक."

माझ्या टेबलाशी बसूनच त्याने फोनवर फोटो काढून पाठवलं. मी त्याला ॲपल-पायचा दुसरा तुकडा दिला.

शनिवारी जनेल आली. कोट न काढता उभी राहिली, तेव्हाच मी समजले.

"आई, गावासमोर मला खोटं पाडलंत."

"मी फक्त टेप धरली गं. खोटं टेपने पाडलं."

तिने मग मला लहान मुलीला शिकवावं तसं समजावलं. सगळी कॉलेजं दोन इंच वाढवतात. पलीकडचेही वाढवतात, आपणही वाढवतो, वाचणारे मनातल्या मनात दोन इंच वजा करतात, आणि हिशोब बरोबर बसतो. गावातल्या सगळ्यांनीच घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवलं तर उशीर कोणालाच होत नाही, असं काहीतरी. मी म्हटलं, मग घड्याळ ठेवायचं कशाला, कोंबडा पाळा. ती दार आपटून गेली. माझी सून दार फार चांगलं आपटते, तेवढं म्हणावं लागेल.

तिचं म्हणणं मला कळलं मंगळवारी. आमच्या गटातल्या आठ कॉलेजांचे कोच मिळून हंगामाआधी कोण कितवा येईल त्याची यादी करतात. त्यात बगळे आठवे. आठातले आठवे. आमचा कोच रॉस वेंडेल दुपारी आला. तो ओरडणारा माणूस नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काकू," तो म्हणाला, "यादीतली उंची बुटांसकट, केसांसकट आणि आशेसकट असते. तुम्ही आशा काढून छापलीत. वाचणाऱ्यांनी नेहमीसारखे आणखी दोन इंच काढले. आता सगळ्या राज्याला वाटतंय की माझा सेंटर सहा फूट पाच आहे."

"पण मी खरंच लिहिलंय, हे त्यांना कळत कसं नाही?"

"कारण आजवर कोणी लिहिलं नाही."

मी हार मानणाऱ्यातली नव्हे. पुढच्या गुरुवारी मी साप्ताहिकात पत्र छापलं: मी ओपल डेंगलर, शपथेवर सांगते, मापं अनवाणी घेतली आहेत, कोणीही येऊन पाहावं. त्याचा परिणाम असा झाला की लोक म्हणाले, म्हातारी शपथ घेते म्हणजे प्रकरण दिसतं त्याहून वाईट असणार. आणखी एक इंच गेला. पलीकडच्या कार्टर व्हॅली कॉलेजच्या पोरांनी आमच्या मुलांना बगळ्यांऐवजी खारींचं चित्र पाठवलं. मी अजून एक पत्र लिहिलं असतं तर संघ टेबलाखालून चालत गेला असता.

आणि त्याच आठवड्यात डेन्मार्कहून उत्तर आलं. आभार, शुभेच्छा, पण आम्हाला जास्त उंच खेळाडू हवा.

कॉर्विनने ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "असू दे आजी. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." त्यापेक्षा त्याने माझी चांगली कपबशी फोडायची होती. त्या दिवशी मी ॲपल-पाय केला आणि साखर विसरले. साठ वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडून क्लबच्या माणसाचा नंबर घेतला आणि फोन लावला. टोर्बन रीस नाव त्याचं. मी म्हटलं, तुम्ही मुलाला न बघता नाही म्हणता, आमच्याकडे गायसुद्धा अशी कोणी नाकारत नाही. तो म्हणाला की पुढच्या आठवड्यात तो इंडियानापोलिसला येणार आहे, दुसरे दोन खेळाडू बघायला. मी म्हटलं, तिथून दीड तास. रविवारी एक वाजता जेवण. स्वतःची टेप आणा.

आला. पातळ केसांचा, कोरडा, हसायचे पैसे पडतात असं तोंड. आदल्या दोन खेळाडूंची नावं त्याने सांगितली नाहीत, पण वही उघडली तेव्हा दोन्हींवर काट मारलेली दिसली. कोच आला, जनेलही आली. बोलली नाही, पण नूडल्स घेऊन आली. कॉर्विन काट्याने नूडल्स ताटात इकडून तिकडे सारत होता. टोर्बनने मात्र दोनदा बटाटे घेतले आणि दोन्ही वेळा वाडगा पुढे दिला. तेव्हाच मला वाटलं, माणूस ठीक आहे.

जेवण झाल्यावर त्याने कॉर्विनला चौकटीपाशी उभं केलं. माझं प्रार्थनेचं पुस्तक घेतलं नाही, स्वतःचा गुण्या, सुतार वापरतात ती काटकोनी पट्टी, आणला होता. टेप सेंटिमीटरची, त्यातलं मला काय कळणार. त्याने एकदा मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना कॉर्विनच्या टाचा वाकून बघितल्या.

"दोनशे एक," तो म्हणाला. कोचने खिशातून फोन काढून हिशोब केला आणि जनेलला दाखवला. सहा फूट सात, वर एक बारीकशी रेघ.

"हेच पेपरात होतं," टोर्बन म्हणाला.

"मग मी काय सांगत होते?"

"बाई, अकरा वर्षं मी या देशात खेळाडू बघायला येतोय. इथला प्रत्येक आकडा हातात आला की मी पाच सेंटिमीटर कमी करतो. न विचारता. तुमचाही केला. पहिल्यांदाच चुकलो." आणि त्याने कॉर्विनशी हात मिळवला. कॉर्विन त्या चौकटीलाच टेकून खाली बसला. माझ्या स्वयंपाकघरात एवढा मोठा मुलगा एवढ्या कमी जागेत कधी मावला नव्हता. जनेल माझ्याजवळ आली आणि बाहीने डोळे पुसत म्हणाली, "आई, पुढच्या वर्षीची यादी तुम्हीच मोजा."

मी मान ताठ केली. आता का नाही करायची? साऱ्या राज्यात एक बाई निघाली जिचा आकडा खरा ठरला, आणि तेही समुद्रापलीकडच्या माणसाच्या टेपने!

टोर्बनने टेबलावर कागद पसरला. मापाला साक्षीदार लागतो म्हणाला, आणि तो मानाने मलाच केला. नाव विचारलं, सांगितलं. पत्ता विचारला, सांगितला. वय विचारलं.

"एकोणसत्तर," मी म्हटलं.

त्याने मान वर केली नाही. पेन थांबलं नाही. शांतपणे चौऱ्याहत्तर लिहिलं आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला.

जनेल खिडकीबाहेर बघू लागली. कोचला खोकला आला.

मी सही केली. काय करणार, मेल्याने बरोबर लिहिलं होतं.