सील लागलेली झबली

बाळाला निजवून सून वॉशिंग मशीनपाशी आली, तर मशीनच्या दारावर कागदाची पट्टी चिकटवलेली. पट्टीवर तीन सह्या. काचेआड बाळाची अकरा झबली आणि होती नव्हती तेवढी दुपटी, धुऊन पिळून कैदेत पडलेली.

"भाऊजी, हे काय?"

"सील." थोरल्या दिरांनी बोटांचा डिंक पुसला. ते गोदामाचे व्यवस्थापक. दिसेल त्या वस्तूला सील ठोकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "बाबा मृत्युपत्र न करता गेले. वाटणी होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असं वकील म्हणालेत. मशीन बाबांच्या नावावर आहे."

"झबली नाहीत ना त्यांच्या नावावर!"

"ते यादीवरून ठरेल."

"मग करा यादी."

"आतलं मोजल्याशिवाय यादी कशी होणार? आणि यादीशिवाय सील काढता येत नाही."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. सासरे सहा महिने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांच्या चादरी याच मशीनमध्ये तिनेच धुतल्या. त्या वेळी एकही वारस इकडे फिरकला नव्हता! घरातल्या वारसाकडे, म्हणजे नवऱ्याकडे, तिने वळून पाहिलं.

"तूही सही केलीस?"

"दादानं पेन पुढं केलं गं..."

"चार दिवसांचा तर प्रश्न," नणंद म्हणाली. "आमची पोरं काय मशिनीवर वाढली?"

"ताई, बाळाच्या अंगावर आहे ते शेवटचं झबलं आहे."

बाळाने तेवढ्यात त्याचाही निकाल लावला.

वकिलांना फोन केला. ते म्हणाले, बाहेरचे दोन साक्षीदार आणून पंचनामा करा. शेजारच्या काकू आल्या, पट्टीवरच्या सह्या बघून "गॅसवर दूध आहे" म्हणाल्या आणि गेल्या त्या गेल्याच. दुसऱ्या दिवशी बाळ नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टात गुंडाळलेलं होतं आणि मशीनमधून कुबट वास येऊ लागला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी चहा संपवून, पेपर काखेत मारून लगबगीने निघाले आणि घरातल्या एकुलत्या एक संडासासमोर थबकले. दारावर कागदाची पट्टी होती.

"हे कुणी केलं?"

"मी," ती म्हणाली. "कमोड बाबांनीच बसवलाय. वाटणी होईपर्यंत हात लावायचा नाही. बसायचंही नाही."

"अगं, हे तातडीचं असतं!"

"झबल्यांसारखंच."

मागे नणंदही येऊन उभी राहिली होती. "दादा, काय ते लवकर मिटव रे," ती दात आवळून म्हणाली.

भाऊजींनी भिंतीला कागद टेकवून, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत लिहिलं: 'रोजच्या वापरातल्या सर्व वस्तू वाटणीपर्यंत खुल्या. झबली सुनेची.' खाली सही ठोकली. नणंदेने तर न वाचताच केली.

आता तिसऱ्या वारसाची सही राहिली होती. भाऊजींनी घाम पुसत पेन धाकट्या भावापुढे धरलं.

"नीट वाचून कर हं," बाळाला खांद्यावर थोपटत ती नवऱ्याला म्हणाली. "घाई कसली आहे?"

नवरा शांतपणे चष्मा शोधायला गेला.