खांबाजवळचं पान

शिरस्तेदार जयतीर्थरावांच्या पित्ताशयात खडे आहेत, ही गोष्ट अख्ख्या तंजावुरात चौघांनाच माहीत होती. डॉक्टरला, खुद्द रावांना, त्यांच्या बायकोला म्हणजे भामाबाईला, आणि स्वयंपाकीण कामाक्षीला. आज जेवणं उरकेपर्यंत ती पाचव्याला कळू द्यायची नाही, असं भामाबाईने देवासमोर हात जोडून ठरवलं होतं. तिरुवैयारूचे वेंकटराव आज दुपारी जेवायला येणार होते. त्यांना रावांची मुलगी सरस्वती पसंत होती, त्यांचा मुलगा राजी होता, राहिली होती ती फक्त बैठक. याआधीची दोन स्थळं "मुलीच्या बापाला कसलं तरी दुखणं आहे म्हणे" एवढ्याच कुजबुजीवर मोडली होती.

डॉक्टरने मात्र रावांची गय केली नव्हती. "दिवसभर कचेरीत मांडी ठोकून बसता, घरी आलात की झोपाळ्यावर बसता. एकादशीला पाण्याचा थेंब नाही, आणि द्वादशीला उजाडताच दोन दिवसांचं जेवण, तेही तुपात. मग खडे होणार नाहीत तर काय मोती होतील?" त्याने तूप बंद केलं, तळण बंद केलं, आणि वर कडकडीत उपासही बंद केला. रावांना तुपापेक्षा उपासाचंच जास्त लागलं. ऐकलं नाहीत तर मद्रासला नेऊन पोट फाडावं लागेल, हे शब्द भामाबाईच्या कानातून आठवडाभर गेले नव्हते.

आता पंचाईत अशी की मुलाच्या बापाच्या पंगतीला मुलीच्या बापाने बसायचं, आणि पाहुणा उठेपर्यंत त्याच्या बरोबरीने जेवायचं, ही त्या घरांतली रीत. हात आखडला की लोक समजायचं ते समजतात. भामाबाईने तोड काढली. दोन पानं मांडायची. खांबाजवळच्या पानावर रावांचं पथ्याचं जेवण, दिसायला थेट पाहुण्यासारखं. पुरणपोळी कोरडी, सांबारं बिनफोडणीचं, आणि पितळी भांड्यातून तूप म्हणून तांदळाची पातळ पेज, चिमूटभर हळद घालून. पाहुण्याचं खरं तूप चांदीच्या भांड्यात.

"कळलं ना, कामाक्षी? खांबाजवळ पितळी."

"खांबाजवळ पितळी," कामाक्षी म्हणाली. "चारदा जालं सांगून."

कामाक्षी शब्दाची पक्की. सोवळ्यात वाढताना तोंड उघडायचं नाही आणि पानावरची नजर वर करायची नाही, हा तिचा नेम होता.

घोड्याच्या जटक्यातून वेंकटराव उतरले. पोट आणि पागोटं दोन्ही भारदस्त. पाय धुऊन ते आत आले, दोन्ही पानांकडे पाहिलं, आणि सरळ खांबाला पाठ टेकून बसले.

"तिथं नको, इथं वारा आहे," जयतीर्थराव घाईने म्हणाले.

"वारा तुम्ही घ्या रावसाहेब. मला पाठ टेकायला खांब होणा."

व्याह्याला बसल्या पानावरून उठवणार कोण? भामाबाईने कामाक्षीला डोळ्यांनी खुणावलं, खोकून पाहिलं, बांगड्या वाजवून पाहिल्या. कामाक्षीची नजर पानावर. खांबाजवळ पितळी भांडं वाकलं, वाऱ्याच्या पानावर चांदीचं.

"कामाक्षी, पाहुण्यांना दुसऱ्या भांड्यातलं वाढ गो," भामाबाई शेवटी न राहवून म्हणाली.

कामाक्षीला चारदा खांब सांगिटलेला. तेव्हा खांबाजवळ बसलेला तो घरचा आणि दुसरा तो पाहुणा, असं तिने मनाशी जुळवलं आणि चांदीच्या भांड्यातली धार पुन्हा रावांच्या पोळीवर धरली. आणखी बोलावं तर पाहुण्यालाच संशय आला असता. राव पाहुण्याच्या बरोबरीने जेवत होते. चेहऱ्यावर हसू, कपाळावर घाम. इतक्या दिवसांनी तूप जिभेवर आलं होतं आणि त्याची चव घ्यायची सोय नव्हती.

वेंकटरावांनी पहिला घास तोंडात घातला आणि थांबले. पेजेकडे पाहिलं. पोळी उलटून पाहिली. मग खाली मान घालून जेवू लागले. भामाबाईला वाटलं, संपलं. पेज वाढली म्हणून हा माणूस गावभर सांगणार.

"हे तूप आणखी वाढा," वेंकटराव म्हणाले.

त्यांनी ते तीनदा मागितलं. हात धुऊन झाल्यावर ते म्हणाले, "दोघांशी बोलायचं आहे. दार लोटा."

भामाबाईने दार लोटलं.

"आम्ही एक गोष्ट लपवून ठेविली," वेंकटराव खाली पाहत म्हणाले. "माझ्या पित्ताशयात खडे आहेत. दुखणेकऱ्याच्या घरी मुलगी कोण देणार? म्हणून चार घरी सांगिटलं नाही. चारी घरी तुपात बुडवून जेववलं, आणि चारी वेळा लोळत घरी गेलो. तुम्हाला कोणी सांगिटलं ते विचारत नाही. पण न बोलता, माझी लाज राखून, माझं पान वेगळं केलंत. मुलगी ह्याच घरची करायची, आमचं ठरलं."

गप्प बसलं असतं तर सगळं आयतं जुळत होतं. भामाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. जयतीर्थरावांनी कचेरीत तीस वर्षं साहेबांपुढे खोटं बोलायचं टाळलं होतं. व्याह्यापुढेही त्यांना ते जमेना.

"ते पान माझं होतं," ते म्हणाले. "मलाही खडे आहेत."

वेंकटरावांनी मान वर केली.

"मग माझं पान तुम्ही जेवलात?"

"अस्कं. पानावर काही ठेविलं नाही."

"तूप?"

"मोजलं नाही."

"दुखतंय?"

"अजून नाही. पण भीती वाटतेय."

वेंकटराव उठले, त्यांनी रावांचा दंड धरला. "उठा. माझा डॉक्टर जेवल्यावर बसू देत नाही. लग्नाआधी तुम्हाला काही जालं तर कन्यादान कोण करणार?"

दोघे भारदस्त व्याही भर दुपारी, पागोटी घरातच विसरून, राजवीथीवरून तरातरा निघाले. पुढे वेंकटराव, मागे दंड धरून ओढलेले जयतीर्थराव. रिकामा जटका त्यांच्या मागून चालला. समोरची धनलक्ष्मी धावत दाराशी आली.

"अय्यो, भामा," ती हळूच म्हणाली, "हेही मोडलं?"

भामाबाई उंबऱ्यावर बसली. तिला हसू आवरेना आणि डोळेही पुसता येईनात.

"जमलं," ती म्हणाली.