उन्हात निघू नका सांगणारे जिभाऊ

उन्हात बाहेर पडू नका, हे सांगायला आमचे जिभाऊ दर उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर पडतात.

डोक्यावर ओला पंचा, डोळ्यांवर मुलाने सुरतेहून पाठवलेला काळा चष्मा, सदऱ्याच्या खिशात कांदा. कांद्याने ऊन लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. दार वाजवायचं, उघडलं की म्हणायचं, "उनमा निंघू नका. पालिकानी सांगेल शे." हे सांगून होईपर्यंत स्वतः घामाने निथळत असतात. घरातली बाई पाणी आणते, पंखा लावते, बसवते. मग पुढचं दार.

"पालिकानी सांगेल शे" हे त्यांचं ब्रीदवाक्य. नगरपालिकेने जे सांगितलंय तेही पालिकेने सांगितलंय, आणि जे तिच्या स्वप्नातही नाही तेही. शिळी खिचडी खाऊ नका, पालिकानी सांगेल शे. दुपारी भावकीत भांडू नका, डोकं तापतं, पालिकानी सांगेल शे. उभा जन्म सूतगिरणीत यंत्रांच्या गोंगाटात बोलण्यात गेला. तिथे चढलेला आवाज निवृत्त झाल्यावरही उतरला नाही. प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची कॉलनी आहे, तिच्या या टोकाला ते कुजबुजले तर त्या टोकाला ऐकू येतं.

मला या माणसाचा हेवा वाटतो. आडपडदा कशाला ठेवू?

मी निवृत्त मराठी शिक्षक. पालिकेची प्रत्येक सूचना शुद्धलेखन तपासून मी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. पाणी कधी येणार, कुठला रस्ता खोदला आहे, उन्हात काय काळजी घ्यावी, सगळं. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक सापडायची नाही. त्यावर येतात फक्त जोडलेले हात. आणि माझी बायको, जिने माझा एकही संदेश आजवर उघडलेला नाही, तीच मला दारात अडवून म्हणते, "कथा निंघनात? जिभाऊ सांगी गयात, दुपारले बाहेर जावानं नही." जिभाऊ आले की ती त्यांना ताक देते, त्यात भाजलेलं जिरं असतं. माझं ताक नुसतंच असतं.

यंदा मात्र माझी वेळ आली असं वाटलं. मुख्याधिकाऱ्यांनी निरोप धाडला, "सर, घंटागाडीवर लावायला उन्हाळ्याच्या सूचना हव्यात. मजकूर तुमचा, आवाजही तुमचाच." मी नवा सदरा घालून गेलो. आवाजाला सदरा लागत नाही, हे कळत होतं, तरी घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या गाडीवरून माझा आवाज गल्लोगल्ली फिरला: "नागरिकांनी उष्माघातापासून सावध राहावे."

दुपारच्या आत सुमनबाई आल्या. घर आमच्या शेजारी, उसाचं शेत कळसाडी गावाला. चेहरा उतरलेला.

"सर, ऊसमा कसाना घात शे? बिबट्या उना का? आमना मजूर ऊसमा जाई नही ऱ्हायनात."

मी त्यांना बसवून समजावलं. उसात नव्हे; उष्म म्हणजे उष्णता, अधिक आघात, दीर्घ संधी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे बिबट्या नही ना?"

पण तोवर बिबट्या बऱ्याच जणांनी पाहिला होता. एकाने तर त्याची दोन पिल्लंही पाहिली होती. संध्याकाळी मुख्याधिकाऱ्यांनी हात जोडले आणि माझ्या जागी जिभाऊंना बोलावलं.

तेव्हापासून रोज सकाळी गाडी गरजू लागली. "ऐका हो, उनमा निंघू नका. डोकावर फडकं बांधा. पानी पी ल्या. पालिकानी सांगेल शे." पोरं त्याची नक्कल करत शाळेत जायची. माझी बायको कचऱ्याची बादली घेऊन गाडीपाशी जायची आणि भोंग्याकडे बघून हसायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याकडे बघून ती तसं हसल्याचं मला आठवत नाही. मी आत बसून जळत होतो.

मग काही दिवसांनी जिभाऊंची दुपारची फेरी बंद झाली. आधी मला बरं वाटलं. माणूस मोठा झाला, आता कशाला दारं वाजवेल, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले. चष्मा नाही, पंचा नाही. खुर्चीच्या टोकाला बसले आणि त्यांच्या मानाने फार हळू बोलले.

"सर, मन्हा आवाज काढी टाका गाडीवरथून. तुमना लावा."

हे ऐकायला मी किती दिवस तरसलो होतो. पुन्हा म्हणायला लावावं, असं मनात आलं.

"का हो? सगळ्या गावाला आवडतोय की."

"तेच ते. गाडी सांगी जास. मी गऊ का म्हनतस, जिभाऊ, सकायमा ऐकं आम्ही. दार अर्धंच उघाडतस. पहिले घरोघर म्हनेत, जिभाऊ, बठा, पानी पी ल्या. आते घरमा कोन शे माले म्हनाले? पोऱ्यानी माय गई. पोऱ्या सुरतले."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पाणी घेऊन आली. इतके दिवस मी श्रोत्यांवरून त्यांचा हेवा करत होतो, आणि त्यांना श्रोते नकोच होते.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याधिकाऱ्यांकडे जाऊन माझाच आवाज परत लावा म्हणून हट्ट धरला. ते म्हणाले, "सर, बिबट्याचं काय?" मी म्हणालो, "मागून जिभाऊ समजावून सांगतील." ते हसले, पण तयार झाले.

आता सकाळी गाडीवर माझा आवाज जातो आणि दुपारी जिभाऊ दारं वाजवतात. "सर काय सांगी ऱ्हायनात, ते समजाडाले उनू." दारं सताड उघडतात. आमचंही उघडतं. मी समोर बसलेला असताना ते माझंच वाक्य माझ्या बायकोला समजावतात, आणि ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलावते. हेवा अजून वाटतोच, तो काही जायचा नाही.

परवा पावसाळ्याच्या सूचनांसाठी बोलावणं आलं. मुख्याधिकारी म्हणाले, "सर, या वेळी सोपं लिहा. साचलेलं पाणी काढा, डास होऊ देऊ नका, एवढंच." मी तिथेच बसून लिहिलं: 'नागरिकांनी डासोत्पत्तिस्थानांचे समूळ निर्मूलन करावे.'

त्यांनी कागद दोनदा वाचला.

"सर, हे कुणाला समजेल का?"

"नाही," मी म्हणालो. "एकालाही नाही."