रुमालाखालचा ड्रॅगन

जयवंतदादा खेळाचा नवा खोका टेबलावर उलटा ठेवतात आणि बूड कापून आतला माल बाहेर काढतात. कॅमेरा चालूच असतो. मग कॅमेऱ्यात बघून म्हणतात, "मंडळी, वरचं कुणीबी दावतंय. आपुन तळातलं दावणार."

हा माणूस पेशाने तासगावातला बेदाण्याचा अडत्या. सौद्याला पेटी फोडायची, मूठभर माल हातावर घ्यायचा, दोन दाणे तोंडात टाकायचे आणि मग बोली. वर टपोरा हिरवा माल आणि खाली काळपट दाणे नि काड्या, असली चलाखी पकडण्यात दादांची हयात गेली. तीच नजर घेऊन ते फाशांच्या गोष्टीच्या खेळांची परीक्षणं करतात. अस्सल तासगावी बोलीत, स्वतःच्या चॅनेलवर.

हे खेळ ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकजण पुस्तक समोर धरून गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्यातली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. पात्राने काय करायचं ते तुम्ही ठरवायचं आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण एकदा बसून बघा. माझं सांगलीत औषधांचं दुकान आहे आणि रविवारी दुपार झाली की माझं गिऱ्हाइकाकडे लक्ष लागत नाही. गाडी काढायची आणि थेट कुपवाड गाठायचं. तिथे प्रकाशच्या वर्कशॉपात, बंद लेथ मशीनशेजारी आमचा डाव मांडलेला असतो.

गोष्ट सांगायला अर्थातच दादा. राक्षस आला की ते स्टुलावर चढतात, म्हातारी चेटकीण आली की पंचा डोक्यावरून घेतात. लढाई रंगात आली की शेजारच्या कारखान्याचा वॉचमन डोकावून बघतो की मारामारी तर नाही. परीक्षणात मात्र दयामाया नाही. जगभर गाजलेल्या एका जाडजूड पुस्तकाबद्दल ते एवढंच बोलले, "कागूद झ्याक, चित्रं झ्याक. आन् माल? काड्यांचंच वजन हाय गड्या."

त्यांचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ मात्र वेगळाच आहे. त्या रविवारी कॅमेरा लावून आमचा डाव चालला होता आणि चौथा गडी आला नव्हता. एवढ्यात दादांचे थोरले भाऊ अण्णा ट्रकची किल्ली मागायला वर्कशॉपात आले. दादांनी त्यांनाच धरून बसवलं. "मला न्हाई असलं काय जमत," म्हणत अण्णा बसले. आमची गोष्ट घाटातल्या ड्रॅगनपाशी आली होती. ड्रॅगन वाट अडवून बसलेला, गावाकडे खंडणी मागतोय. प्रकाशने तलवार उपसली, मी मंत्र काढला. अण्णांनी दोघांनाही हाताने थांबवलं.

"भांडताय कशाला? त्येला इचारा, तुजं म्हननं काय हाय."

दादांनी ड्रॅगनच्या आवाजात आकडा सांगितला. अण्णांनी खांद्यावरचा रुमाल काढला, स्वतःच्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. "आसं चारचौघांत बोलायचं नसतंय. आण हात."

बाजारातली ही जुनी रीत. घेणारा-देणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, बाकीच्यांना पत्ता लागत नाही. आता ड्रॅगन काय करणार? त्याने पंजा रुमालाखाली घातला. बोटं दाबली गेली. अण्णांनी मान हलवली. पुन्हा दाबली. ड्रॅगनला घाम फुटला. प्रकाश आणि मी खुर्च्यांवर उभे राहिलो होतो. फासा तसाच पडून होता आणि कुणाला त्याची आठवणही नव्हती. शेवटी अण्णांनी रुमाल झटकला. "जमला सौदा. सोड वाट." काय ठरलं ते दोघांनीही आम्हाला कधी सांगितलं नाही.

तो व्हिडिओ लोकांनी डोक्यावर घेतला. आणि नेमकं त्याच व्हिडिओवर मध्यंतरी गंडांतर आलं.

त्या गोष्टीचं पुस्तक काढणारी परदेशातली एक छोटी कंपनी आहे, दोनच माणसांची. त्यांचा इंग्रजी मेल मी दादांना मराठीत वाचून दाखवला. परीक्षण खुशाल करा, पण तुम्ही आमची अख्खी गोष्ट पानापानाने वाचून दाखवली आहे. ती ऐकल्यावर पुस्तक कोण विकत घेईल? व्हिडिओ स्वतःहून काढा, नाहीतर आम्हाला रीतसर तक्रार करावी लागेल. दादांच्या चॅनेलवर आधीच दोन तक्रारी होत्या. तिसरी झाली की चॅनेल बंद.

दादा उसळले. "चव दावल्याबिगर घेणाऱ्याला कळायचं कसं?"

प्रकाश शांतपणे म्हणाला, "आवं दादा, सौद्यात मूठ दावत्यात. तुमी सगळी पेटीच वाटलीसा."

दादांना ते लगेच पटलं. "चुकलंच रं," म्हणाले. पण व्हिडिओ काढायचं नाव घेईनात. एक दिवस गेला, दुसरा गेला. चॅनेल बुडायची वेळ आली तरी माणूस हलेना. मला राग आला. म्हटलं, "दादा, फाइल तुमच्याकडे आहेच. घरी बसून बघा की हवा तेवढा."

"फाइल हाय रं," दादा म्हणाले. "पन तितं लोक अण्णास्नी इचारत्यात."

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हिडिओखाली नुसता प्रश्नांचा ढीग होता. अण्णा परत कधी बसणार? अण्णांना बोलवा. आणि प्रत्येकाला दादांचं तेच उत्तर. 'अण्णा सौद्याला गेल्यात. येतील.'

अण्णांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मातीला आम्ही होतो, दिवसांना होतो. दादा तेव्हा रडले नव्हते, सगळ्यांचं चहा-पाणी बघत होते. मी मोबाइल परत दिला. मला माझ्या रागाची लाजच वाटली.

तोडगा प्रकाशनेच काढला. पुस्तकातलं जे जे वाचलं होतं ते आम्ही तिघांनी बसून कापून टाकलं. कंपनीचं कंपनीला गेलं. उरला तो रुमाल, दोन हात आणि अण्णांचा आवाज. तेवढाच तुकडा त्याच जागी राहिला, खालचे प्रश्नही राहिले. मग रुमालाची रीत इंग्रजीत समजावून कंपनीला कळवलं.

दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. मी ते उघडलं आणि वाचता वाचता ओरडलोच. तक्रार करणार नाही, असं तर होतंच. पुढे लिहिलं होतं की, ही रुमालाची युक्ती आमच्या पुस्तकात नाही, ती या गृहस्थांची आहे. पुढच्या आवृत्तीत ती त्यांच्या नावासह छापायला आम्हाला आवडेल, पण त्यासाठी त्यांची परवानगी हवी. ती ते देतील का?

प्रकाशने टेबलावर थाप मारली. मी नाचायचा बाकी होतो. दादांनी मला तो मेल पुन्हा वाचायला लावला. 'त्यांची परवानगी' इथे त्यांनी मला थांबवलं.

"उत्तर लिही," ते म्हणाले. "पयलं नाव लिही. पुरं लिही, वडलांच्या नावासकट."

मी लिहिलं.

"आता लिही, परवानगी धाकटा भाऊ देतोय." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "कारन लिही. अण्णा आता न्हाईत म्हनून लिही."