कच्चा टाका

जुन्या काळी कपड्यांना चेन नव्हती, म्हणून आपल्या चित्रपटातही चेन दिसता कामा नये, असा दिग्दर्शकाचा हट्ट होता. त्यामुळे कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी रोज सकाळी दोन्ही नट्यांना त्यांच्या झग्यांत अक्षरशः शिवून टाकत. परवा एका कोटाला चुकून प्लास्टिकचं बटण लागलं, तेव्हा "आणखी एक चूक झाली की घरी!" अशी तंबी मावशींना मिळाली होती.

चित्रपटात दोघी नट्या जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. बाहेर मात्र अठरा दिवस अबोला. नवखीनं पहिल्याच दिवशी थोरलीला "काकू" म्हटलं होतं आणि थोरलीनं ते फारच मनावर घेतलं होतं.

त्या दिवशी उशीर झाला. बागेतल्या बाकावर दोघींना शेजारी बसवून मावशींनी घाईघाईनं टाके घातले. झगे एकाच निळ्या ताग्यातले, घेरही भरपूर.

"अ‍ॅक्शन!"

नवखीनं फाटकाशी उभ्या नायकाकडे धावायचं आणि थोरलीनं बाकावरूनच रुमाल हलवायचा, असं ठरलं होतं. नवखी उठली. थोरलीही उठली.

"अगं थांब, आपल्याला एकत्र शिवलंय!" थोरली पुटपुटली.

"थांबू कशी? कॅमेरा चालू आहे!"

"मग हळू पळ!"

अठरा दिवसांतलं हे पहिलं संभाषण. चार पावलांवर नवखी अडखळली, थोरलीनं तिचा हात धरला आणि दोघी खिदळत नायकावर जाऊन आदळल्या. कुणाला मिठी मारावी ते न कळून बिचाऱ्यानं फाटकच कवटाळलं.

"कट! ही करामत कुणाची?"

मावशींनी सुईदोरा पदराआड लपवला.

"आमची," थोरली म्हणाली. "मैत्रीण एकटी कशी जाईल?"

दिग्दर्शकानं डोकं खाजवलं. "बरं दिसतंय. परत घेऊ. अगदी असंच."

मावशींचा जीव भांड्यात पडला. सुईदोरा घेऊन त्या धावल्या, तर वाटेत, नवखी अडखळली होती तिथेच, तुटलेला निळा दोरा गवतात पडलेला. म्हणजे तिथून पुढे दोघींना कुणीच शिवलेलं नव्हतं.

"पुन्हा घालते. या वेळी पक्का."

"राहू द्या, मावशी." थोरलीनं नवखीचा हात धरला. "चल गं."

"आले, काकू."

मावशींनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"हळू पळ हं," थोरली म्हणाली. "काकूचे गुडघे दुखतात."