ओटोच्या हनुवटीवरची साखर

"चारदा पडला तुझा नातू," माइलो कॉफीत साखर ओतत म्हणाला. "आणि गेज आला की तीच पाच पोरं भिंतीसारखी उभी!"

धान्यकोठाराच्या कचेरीत रोज सकाळी जमणारी म्हातारी मंडळी कप खाली ठेवून ऐकू लागली. ऑगस्ट लागला होता आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाताने फेकणारा म्होरक्या, कोण, टॅनर की गेज, हे काही ठरत नव्हतं. अर्डिथ कुचेराने भिंतीकडे पाहिलं. तिथे तिच्या नवऱ्याचा फोटो होता, शेजारी मुलाचा. दोघेही आपापल्या काळचे क्वार्टरबॅक. तिसरा खिळा तिने स्वतः ठोकून ठेवला होता, नातवासाठी, टॅनरसाठी.

"टॅनर चेंडू अंडं उबवल्यासारखा धरून बसतो गं. तोवर समोरचे येऊन आडवा करतात," माइलो म्हणाला.

"हात सोन्याचा आहे त्याचा. त्याला राखणारी पाच पोरांची फळीच सडकी आहे."

"मग गेजच्या वेळी कशी सडत नाही?"

हे मात्र तिच्या डोक्यात कुसळासारखं रुतलं.

त्या सोमवारी संध्याकाळी सराव सुटताना ती कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. फळीच्या मधोमध उभा राहणारा ओटो आला. पोरगा कसला, दोन दारांचा फ्रीज. त्याच्या हनुवटीवर पांढरी साखर होती आणि शर्टावर खिमा-घेवड्याच्या चिलीचा डाग. चिली आणि वर दालचिनीचा रोल! गावात कोणालाही विचारा, एकच नाव घेईल: लव्हॉन. गेजची आजी. जत्रेत रोलांसाठी अकरा वर्षं पहिल्या बक्षिसाची फीत मिरवणारी.

क्वार्टरबॅकच्या घरच्यांनी दर गुरुवारी फळीला जेवू घालायचं, हा गावचा रिवाज. पण नाव जाहीर झाल्यावर! आधी घातलं तर ती सरळ लाच.

"काय खाल्लंस रे?"

"काही नाही, आजी."

"आधी हनुवटी पूस, मग खोटं बोल."

दुसऱ्या दिवशी अर्डिथच्या अंगणात पाच डझन कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, मांडलेले होते, जर्दाळूचे आणि खसखशीचे. पाचही जणांनी ते झाडून संपवले. त्यांना एकटं वाटू नये म्हणून टॅनरही बसला. त्या संध्याकाळी गेज तीनदा आडवा झाला.

"बघितलंस?" अर्डिथने माइलोला विचारलं.

"ऊन होतं."

"ऊन काय फक्त गेजवर पडलं होतं?"

लव्हॉनला सुगावा लागलाच. तिची गाडी पातेली घेऊन मैदानावर हजर. अर्डिथने डुकराचा रोस्ट आणि उकडलेले डम्पलिंग काढले. लव्हॉनने रोलांचा आकार दुप्पट केला. दहा दिवस फळी दोन्हीकडे जेवत होती, आणि कुठल्याही ताटाला नाही म्हणत नव्हती.

शनिवारी सराव सामना. त्यावरच नाव ठरायचं होतं. सातला अर्डिथकडे पॅनकेक, आठला लव्हॉनकडे चिली. नऊला ओटो चेंडूवर वाकला आणि तसाच राहिला. बाकीचे चौघे जागचे हलेनात. टॅनर आडवा. गेज उताणा. लालबुंद झालेल्या कोचने तिसऱ्या पोराला आत ढकललं, काठीएवढ्या वेस्लीला. त्याने चेंडू हाती येताच फेकला. पुन्हा आला, पुन्हा फेकला. एकदाही पडला नाही.

"याच्या घरून काय खायला गेलं?" अर्डिथने लव्हॉनला गाठलं. "आणि सुरुवात तू केलीस!"

"मी? तुझे कोलाचे सुरू झाले असं ओटोने सांगितलं, मग मी काय हातावर हात ठेवून बसू?"

"त्याआधीच त्याच्या हनुवटीवर तुझी साखर होती. त्या सोमवारी!"

"सोमवारी मी ओमाहाला डोळ्याच्या ऑपरेशनच्या टेबलावर होते, बाई."

मग दोघींची नजर एकदमच खालच्या बाकावर गेली. तिथे वेस्लीची आई मार्ला बसली होती, अंगावर शाळेच्या स्वयंपाकघराचा ॲप्रन. शाळेच्या जेवणात चिली आणि रोल! दोघी लहानपणी तेच तर खात आल्या होत्या.

"शाळेचा नवा ओव्हन लावून बघत होते हो," मार्ला बावरून म्हणाली. "पोरं वासाने आली, दिलं त्यांना."

"आणि वाढताना वेस्लीचं नाव हळूच काढलंस," अर्डिथ म्हणाली.

"त्याला आत घेतील हे मला आत्ता कळलं, काकू!"

अर्डिथने यातला एक शब्दही खरा मानला नाही.

तेवढ्यात कोच आला. "कुचेराबाई, टॅनर काट्यावर उभा राहिला. दहा दिवसांत चौदा पौंड वाढला! त्याला ओटोशेजारी घेतोय, फळीत. क्वार्टरबॅक वेस्ली."

मागे टॅनर कोलाचे खात उभा होता. इतका खूश तो कधीच दिसला नव्हता. "आजी, तिथे चेंडूला हातच लावावा लागत नाही!"

अर्डिथला तो रिकामा खिळा आठवला. मग ती मार्लाकडे वळली.

"म्हणजे गुरुवारचं जेवण आता तुझ्याकडे?"

"हो... पाच जणांचं."

"त्यातला एक माझा नातू आहे. त्याला दोनदा वाढायचं. आणि तुझ्या रोलात साखर जास्त आहे."

"तुम्ही कधी खाल्लात?"

"ओटोच्या हनुवटीवर पाहिली," अर्डिथ म्हणाली.