एक उत्तर मागे

रविवारी सकाळी उत्तमचंदांच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या कॉम्प्युटरसमोर मांडल्या होत्या. डिंपलला बघायला मुलगा येणार होता, पण तो इंटरनेटच्या फोनवरून. पानबाईंनी सवयीनं पोहे जास्तच केले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पाहुणा न्यू जर्सीत आहे. तरी त्यांनी एक बशी झाकून ठेवली.

स्थळ चांगलं होतं. घोडेगावचे कापड दुकानदार सुवालाल यांचा विपुल अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. पत्रिका जुळली होती, फोटो इकडून तिकडे गेले होते. आता फक्त प्रत्यक्ष बोलणं राहिलं होतं, आणि ते घरच्या कॉम्प्युटरवरून करायचं असं डिंपलच्या भावानं, पारसनं ठरवलं होतं.

"तोंड नाय का दिसणार?" पानबाईंनी विचारलं.

"लाइन लई स्लो आहे, मम्मी. आवाज आला तरी पुष्कळ."

उत्तमचंद मधल्या खुर्चीवर बसले. आळेफाट्याला त्यांची कांद्याची आडत होती. लिलावात वाढलेल्या या माणसाला शांतता म्हणून सोसत नसे. बोली थांबली की सौदा गेला, ही त्यांची भीती घरीही सुटत नसे. समोरचा घोट गिळायला थांबला तरी ते पुढचं बोलून मोकळे होत. दुसरी गोष्ट अशी की, दिवसभर कांद्यात उभा राहणारा हा माणूस संध्याकाळी मागच्या दारी सदरा बदलल्याशिवाय घरात येत नसे. पानबाईंच्या घरात कांदा-लसूण चालत नव्हता, वाससुद्धा नाही.

पारसनं स्पीकर मोठा केला. घंटी वाजली. पलीकडून "जय जिनेंद्र" आलं आणि सगळे सावरून बसले. डिंपल दाराच्या आड उभी राहिली.

"जय जिनेंद्र, विपुलराव. माझा आवाज येतो का नीट?" उत्तमचंदांनी विचारलं.

स्पीकरमधून काहीच आलं नाही. उत्तमचंदांनी जरा वाट पाहिली, म्हणजे त्यांच्या मानानं पाहिली, आणि पुढचं विचारलं, "जेवणाचं काय करता? डबा येतो का?"

"येतो," विपुल म्हणाला. "पण मधेमधे. कधीकधी तर काहीच येत नाही."

पानबाईंचा जीव कळवळला. "उपाशी राहतंय हो पोरगं," त्या पुटपुटल्या.

"आणि नोकरीचं कसं? टिकंल ना?"

"नाही, मी स्वतःच करतो. रविवारी बसून आठवड्याचं एकदम करतो आणि फ्रिजमध्ये ठेवून देतो."

उत्तमचंदांनी पारसकडे पाहिलं. पारस म्हणाला, "कॉम्प्युटरची कामं असतात तशी, पप्पा. थंड ठेवायला लागतं." तिकडच्या कामाबद्दल त्यालाही तितकीच माहिती होती.

पानबाईंनी नवऱ्याच्या कोपराला हात लावला. त्यांना जे विचारायचं होतं ते अजून निघालं नव्हतं. उत्तमचंद खाकरले. "आमच्या घरात कांदा-लसूण चालत न्हाई. तुमी खात नसाल?"

"त्याची अजिबात काळजी करू नका," विपुल म्हणाला. पानबाई हसल्या. विपुल पुढे म्हणाला, "तीन वर्षं झाली. आता मी सोडायचं म्हटलं तरी सुटणार नाही."

पानबाईंचं हसू गेलं. उत्तमचंदांनी ताबडतोब दुसऱ्या टोकाची चौकशी केली, "आन दारूबिरू?"

"घरी मुळीच नाही. बाहेर मित्रांबरोबर गेलं की थोडंफार पोटात जातं. आपल्याला कळतही नाही."

खोलीत कुणी बोलेना. ही शांतता मात्र उत्तमचंदांना अगदीच सोसेना. काहीतरी बरं निघावं म्हणून त्यांनी विषय बदलला. "आमच्या डिंपलचा फोटो बघितला ना? काय वाटलं?"

"नावसुद्धा काढू नका," विपुल म्हणाला. "मला नुसत्या वासानंच मळमळतं."

दाराआडची बांगडी वाजली आणि डिंपलची पावलं आतल्या खोलीकडे गेली. उत्तमचंद उभे राहिले. लिलावात हाणामारीची वेळ आली तरी ते आवाज चढवत नसत, तसाच आताही त्यांनी चढवला नाही.

"मग आपलं बोलणं हितंच संपलं," ते म्हणाले.

"मनापासून सांगतो, मला फार बरं वाटलं," विपुल म्हणाला. "आईबाबांनाही तसंच वाटतंय."

आणि लाइट गेली.

लोडशेडिंग संपायची वाट न बघता उत्तमचंदांनी साध्या फोनवरून घोडेगाव लावलं.

"सुवालालजी, पोरगा नोकरी करतो म्हणालात. तो तर आठवड्यातनं एकदा करतो."

"कोण म्हणतं?"

"तोच म्हणतो. पिणं व्हतं तेबी त्याला कळत न्हाई. आन आमच्या पोरीच्या फोटोला वास येतो म्हणं."

सुवालालनी पलीकडे कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग म्हणाले, "विपुलचा आत्ताच फोन आला व्हता. मुलगी पसंत म्हणून सांगितलं त्यानं, आन तुमी तोंडावर बोलणं संपलं म्हणालात. पसंत पडल्याचा एवढा राग येत असंल, तर पोरीचं लग्न कशाला काढलं?"

दोन्हीकडचे फोन एकदमच आपटले गेले.

पारसनं हे सगळं एकाच मित्राला सांगितलं, तेही कुणाला सांगू नको असं बजावून. दुसऱ्या दिवशी उत्तमचंद बाजार समितीच्या यार्डात पोचले, तेव्हा मापाडी भागू काट्यावरून खाली उतरला आणि काळजीनं जवळ आला.

"शेठ, जावई नोकरी फ्रिजमधी ठेवतो म्हणं?"

"जावई नाय तो," उत्तमचंद म्हणाले.

"तेच बरं झालं. हितं लाइटचं काय खरं हाय?"

घरी डिंपल जेवत नव्हती. विपुलचा फोटो तिला आवडला होता, ही अडचण तिनं कुणाला सांगितली नव्हती. नकार तिनं सहन केला असता, पण वासाचं तिला सहन होत नव्हतं. मंगळवारी सकाळी पप्पा यार्डात आणि आई महाराजांच्या दर्शनाला जैन स्थानकात गेल्यावर तिनं स्वतःच कॉम्प्युटर लावला.

"मी डिंपल बोलतेय," ती म्हणाली. "मला एकच विचारायचंय. माझ्या फोटोला वास कसला येतो?"

पुढे बरंच सुनावायचं तिनं पाठ केलं होतं, पण ऐन वेळी त्यातलं काहीच आठवेना. ती नुसती बसून राहिली. फोन बंद करायला हात पुढे केला, तोच स्पीकर बोलला.

"फोटोला? वासाचं मी दारूबद्दल म्हणालो होतो. तुमच्या पप्पांनी दारूचं विचारलं ना?"

डिंपलनं हात मागे घेतला. पप्पांनी दारूचं विचारलं होतं खरं, पण उत्तर आलं होतं फोटोच्या वेळी. मग दारूच्या वेळी आलेलं उत्तर कांद्याचं. कांद्याच्या वेळी आलेलं नोकरीचं. आणि फ्रिजमध्ये होती ती आठवड्याची भाजी. एकेक उत्तर ती उचलून मागच्या प्रश्नाला लावत गेली आणि आवाज येतो का, इथपर्यंत पोचली तेव्हा ती हसायला लागली होती. ते हसू न्यू जर्सीत पोचायलाही वेळ लागला. ते पोचल्यावर विपुलही हसला, आणि तोवर इकडे ती गप्प झाली होती.

"फोटोबद्दल काय म्हणाला होतात?" तिनं विचारलं, आणि या वेळी मुद्दाम थांबली.

"मनापासून सांगितलं होतं," विपुल म्हणाला. "फार बरं वाटलं."

पानबाईंना डिंपलनं सगळं समजावल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मग कांद्याचं काय म्हणाला?"

"घरी मुळीच नाही. बाहेर मित्रांबरोबर थोडाफार जातो पोटात."

पानबाईंनी हातातली ताटली पुसून जागेवर ठेवली. "बाहेरचं बाहेर," त्या म्हणाल्या. "घरात तू आहेस ना. तू नाय येऊ देणार."

उत्तमचंद पेढे घेऊन घोडेगावला गेले. सुवालालनी आधी त्यांना बराच वेळ दुकानाच्या पायरीवर उभं केलं, मग गादीवर बसवलं, मग जेवायला थांबवून घेतलं. साखरपुड्याची तारीख तिथंच ठरली.

पुढच्या रविवारी सकाळी डिंपल पुन्हा कॉम्प्युटरसमोर होती. आई स्वयंपाकघरात, पप्पा अंगणात. तिनं माइक तोंडाशी धरला आणि हळूच विचारलं, "तिकडं कांदाभजी मिळतात का हो? पुण्याला हॉस्टेलवर असताना सवय लागलीय. मला रोज लागायची."

उत्तर यायच्या आत उत्तमचंद आत आले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. डिंपलनं स्पीकरकडे हात नेला, पण ते बोलूनही बसले होते.

"जावईबापू, लग्नाला सुट्टी मिळंल ना?"

नंतर मात्र ते थांबले. तेवढं आता ते शिकले होते. स्पीकर खरखरला.

"मिळतात की, इंडियन हॉटेलात. कांदा जरा जाड कापतात, पण गरम असतात. रोज मात्र नाही जमायचं हं."

उत्तमचंदांनी हिशेब केला. हे उत्तर त्यांच्या प्रश्नाचं नव्हतं. त्याच्या आधी विचारणारं माणूस खोलीत एकच होतं, आणि ते ओढणीच्या टोकानं कीबोर्ड पुसत होतं.

"काय म्हणतायत?" पानबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "मिळतीय का?"

"मिळतीय," उत्तमचंद म्हणाले. "रोज नाय म्हणतायत."

"सुट्टी रोज कशाला पायजे?"

"तेच सांगतो पोरीला," ते म्हणाले, आणि पुढचं उत्तर यायच्या आत त्यांनी स्पीकरचा आवाज बारीक केला.